रामवाडीच्या आत्याचे केस

रोहा
८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,

मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की पार्लरमधल्या बायका मान वळवून बघतात. हातात कात्री असताना ते बरं नव्हे. भाविकावहिनींना मेसेज करावा तर तो तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मा होतो. म्हणून सरळ पोस्टात गेले.

काम तुझंच आहे. नम्रता नावाची एक मुलगी आहे, तिचं लग्न अठ्ठावीस तारखेला. तिने आजीचा लग्नातला फोटो आणलाय, एकसष्ट सालचा. कपाळावर मोठा फुगा, कानांपुढे एकेक गोल बट, मानेवर सैलसा अंबाडा नि त्यात शेवंती. आजी गेल्या वर्षी वारली, आणि पोरीला लग्नात अगदी तसंच दिसायचंय. मी व्हिडिओ बघून दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा कावळ्याचं घरटं झालं, दुसऱ्यांदा त्याच घरट्यावर स्प्रे मारला. पोरीचे डोळे भरले. आत्या, हे तू कसं करायचीस?

खरं तर तू इकडेच ये. हरेशदादा तुला पेणला गाडीत बसवून देईल, मी रोह्याच्या स्टेशनवर उभी राहीन. भाऊबीजेला बाबांना ओवाळायलाही आली नाहीस. ते बोलून दाखवत नाहीत, पण दिवसभर दाराकडे बघत होते. वहिनी व्हिडिओ कॉल लावतात तेव्हा तू आपली पदर कपाळापर्यंत ओढून बसलेली. नव्या नवरीसारखी लाजतेस कुणाला?

उत्तराची वाट बघते. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मृणाली

रामवाडी, पेण
१४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मृणालीस,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा भाविकाला वाटलं बँकेची नोटीस. तुझं अक्षर बघून मला मात्र फार बरं वाटलं.

एकसष्टचा फुगा म्हणजे माझ्याच हातातला गो. तुझे आजोबा मुंबईला गोदीत होते नि आम्ही माझगावात राहायचो, हे तुला माहीत आहे. सोळाव्या वर्षी मी ग्रँट रोडला एका चिनी बाईच्या पार्लरात केर काढायला लागले. वर्षाच्या आत तिने माझ्या हाती कंगवा दिला. काय एकेक बायका यायच्या. कुणाला मानेवर गुंडाळलेला रोल हवा, कुणाला कानापर्यंत बॉब, कुणाला कपाळावर कापलेली झालर. केस कुरळे करायच्या पर्मच्या औषधाला असा वास की घरी आले की तुझी आजी मला आधी मोरीत उभी करायची. लग्न ठरलेल्या आपल्या मुली आईला घेऊन यायच्या. आई सांगायची, फुगा लहानच काढा. मुलगी मागून डोळ्यांनी खुणावायची, मोठा. मी मधला काढायचे, दोघी खूश. पुढे बासष्टला चीनशी लढाई झाली, बाईचं दुकान बंद पडलं नि मी पेणला परत आले. मग इथल्या नवऱ्या सजवल्या.

तू स्प्रे आधी मारतेस, तिथेच चुकतं. आदल्या दिवशी जवस उकळ, फडक्यातून गाळ, ते बुळबुळीत पाणी ओल्या केसांना लाव नि केस रोलरवर गुंडाळ. पूर्ण सुकू दे, घाई करशील तर फसशील. मग पुढच्या बटा एकेक हातात धरून मुळाकडे उलटा कंगवा फिरव. आत गुंता हवा नि वरचा पापुद्रा गुळगुळीत. वरून फक्त पसरट कंगवा, तोही मांजराला कुरवाळतो तसा. कानापुढची बट बोटावर गुंडाळायची, आकडा लावून गालावर रात्रभर ठेवायची. स्प्रे असलाच तर शेवटी, हात लांब धरून. आणि रात्री तो गुंता बोटांनी सोडवून मगच मुलीला झोपू दे. गुंता तसाच राहिला तर केस बसतात, मग सुटत नाहीत.

रोह्याला यायचं म्हणशील तर आत्ता नाय जमायचं. पाय आता बरा आहे, काठीने चालते. पण थंडी बाधते. तूही एवढ्यात येऊ नको, घरात रंगकाम काढलंय, बसायला जागा नाही. माझ्या भावाला सांग, पुढल्या वर्षी दोन वेळा ओवाळीन.

आहे तेवढा लोभ जपून ठेव.

तुझी,
आत्या

पेण
१८ नोव्हेंबर २०२४

सौ. मृणालीताईंना,

भाविकाचा स. न. वि. वि.

आईंनी तुम्हाला रंगकामाचं लिहिलं असेल. घराला रंग लावलेला नाही. मनस्वीला क्लासला सोडून इथे पोस्टाजवळ बसून लिहिते आहे, कारण घरात फोनवर हे बोलता येत नाही.

आईंच्या डोक्यात जट झाली आहे. गेल्या शिमग्याला त्या मोरीत पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं ते तुम्ही पाहिलंत. त्यानंतर कितीतरी दिवस त्या पडूनच होत्या. कुशीवर वळवलं की कळवळायच्या, म्हणून मी वरवरच विंचरायचे. केस कमरेपर्यंत, त्यात घाम, तेल. त्या उठून बसायला लागल्या तेव्हा मानेमागे घट्ट गोळा झालेला. मी कापायला कात्री घेतली, तेवढ्यात शेजारच्या धोंडुबाई आल्या. त्यांच्या अंगात येतं, आमच्या आळीत त्यांचा शब्द मानतात. त्यांनी बघितलं नि म्हणाल्या की देवी आली हाय, कातरीला हात लावू नको, लावशील तर घरातलं माणूस जाईल. त्यांनी गोळ्याला हळदकुंकू लावलं. त्याच आठवड्यात ह्यांना कंपनीने कायम केलं. मग ह्यांचीही खात्री पटली.

आता ती जट नारळाच्या सोडणाएवढी झाली आहे. आईंना उताणं झोपता येत नाही. मान एका बाजूला कललेली असते. खाली जखम आहे, वास येतो. बायका ओटी घेऊन पाया पडायला येतात, तेव्हा आई भिंतीकडे बघत बसतात. मी डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, माझ्या नातीला, मनस्वीला काय झालं तर? आणि एक मला शपथ घालून सांगितलंय की कुणालाही कळलं तरी चालेल, मृणालीला कळू द्यायचं नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. आयुष्यभर दुसऱ्यांचे केस विंचरलेली बाई ती.

ती शपथ मी मोडली आहे. तुम्ही याल तर मी बोलावलं असं म्हणू नका.

आपली कृपादृष्टी आमच्यावर राहू दे.

आपली,
भाविका

रोहा
३० नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,

मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. नम्रताचा फुगा जमला. जवसाचं पाणी, उलटा कंगवा, सगळं तू सांगितलंस तसं केलं. तिच्या आईने दारातून बघितलं नि तिथेच बसली. म्हणाली, माझी आईच बसली आहे असं वाटलं. मग सगळ्या रडल्या, आणि मला मेकअप पुन्हा करावा लागला. रात्री तिच्या नव्या घरी जाऊन गुंता सोडवून आले. सासूबाई चकित झाल्या, पण लाडू दिला.

आता सोमवारचं. मी न सांगता आले, तू चिडलीस, ते ठीक. डोकं दाखवल्याशिवाय चहा घेणार नाही म्हणाले तेव्हा कुठे तू पदर बाजूला केलास. आत्या, मी रोज केस बघते, पण असे कधी बघितले नव्हते. तू मान वर करून माझ्याकडे बघायला गेलीस आणि तुला ती वर करता आली नाही. मी कापते म्हणाले तर तू दोन्ही हात डोक्यावर धरलेस. मनस्वीला काही झालं तर कुणाकडे बघू, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलीस. दादा चप्पल घालून बाहेर गेला.

इथल्या त्वचेच्या डॉक्टरबाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, तेलाघामाने चिकटलेले केस आहेत, दुसरं काही नाही, पण खालची जखम चिघळली तर वयाला झेपणार नाही. त्यांनी मलम दिलंय, वहिनींकडे ठेवलंय. तेवढं तरी लावू दे.

तूच लिहिलंस ना, गुंता तसाच राहिला तर केस बसतात. तुला हे कुणी समजवायला नको. तुला भीती वाटते, आणि ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मी जबरदस्ती करणार नाही. तू बोलावशील तेव्हा कात्री घेऊन येईन. नाही बोलावलंस तरी येईन, मान चोळून देईन.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
मृणाली

रामवाडी, पेण
६ डिसेंबर २०२४

चि. सौ. मृणालीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळपासून बायका येत होत्या. दुपारी खाडीकडच्या गावातली एक पोरगी आली, विशीची असेल. पदराखाली तान्हं मूल. तिने ते माझ्या पायांवर ठेवलं नि म्हणाली, दोन दिस ताप हाय, अंगारा लावा. मी हात लावला तर मूल तव्यासारखं तापलेलं. रडतही नव्हतं. मी विचारलं, डॉक्टरकडे नेलंस का? ती म्हणाली की नाय, आधी तुमच्याकडं आले.

मृणाली, मी तिला इतकी ओरडले की ती घाबरून मागे सरली. हरेश पहिल्या शिफ्टवरून नुकताच आला होता, जेवायचा थांबला होता. त्याला म्हटलं, ताट राहू दे, हिला रिक्षात घाल. तो तसाच गेला. मूल वाचलंय, सलाइन लावलंय. डॉक्टरने हरेशलाच बाप समजून फैलावर घेतलं की इतका वेळ कुठे होतास. तो ऐकून घेऊन आला.

आल्यावर माझ्याजवळ खाली बसला. म्हणाला, आई, उद्या कोण आणखी उशिरा आलं तर? मी म्हटलं, म्हणूनच मला हे डोक्यावर नको. तेव्हा म्हणाला, तुला पायजे ते कर, मी आड येत नाय. पण त्या वेळी मला घरात थांबायला सांगू नको.

तर तू ये. सोळा तारखेला सोमवार आहे, तुझं पार्लर बंद असतं. सकाळची ये. भीती गेली नाही माझी, ती आहेच. पण त्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही.

मायेत अंतर नाही, कधी नव्हतं.

तुझी,
आत्या

रोहा
१७ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,

मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

काल घरी पोचले. हात अजून दुखतायत, पण फार हलकं वाटतंय, जणू माझ्याच डोक्यावरून काही उतरलं. तू पाटावर बसलीस, वहिनींचा हात धरलास नि डोळे मिटलेस. मी मुळाशी नवे वाढलेले मऊ केस शोधत थोडं थोडं कापत गेले. तू एकदाच बोललीस, कात्रीला धार आहे ना म्हणून. बाई, तुझीच शिष्या आहे मी.

शेवटचा केस तुटला नि तुझी मान आपोआप सरळ झाली. तू डोळे उघडून आधी छताकडे बघितलंस. कितीतरी दिवसांनी वर बघते म्हणालीस, आणि कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळं दिसलं म्हणून लगेच वहिनींना बोललीस. आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो.

दादा आला तेव्हा मी घाबरले होते. पण त्याने विचारलंसुद्धा नाही. ती जट फडक्यात बांधली, उचलली आणि भोगावती नदीवर नेऊन सोडून आला. मग तुझ्या समोर उभा राहून म्हणाला की कानापर्यंतचे केस तुला शोभतात. मी तुला बॉब केला तेव्हा तू आरसा घेतला नव्हतास, पण तो बोलल्यावर आरसा मागितलास, ते मी बघितलं.

जखमेला मलम रोज. पाणी लागू देऊ नकोस.

तुझा हात माझ्या डोक्यावर राहू दे.

तुझी,
मृणाली

रामवाडी, पेण
१८ डिसेंबर २०२४

चि. मृणालीस आशीर्वाद.

मनस्वीला कालपासून ताप आहे. एकशे तीन. डॉक्टरांनी औषध दिलं, रक्त तपासायला नेलं. पोर डोळे उघडत नाही. धोंडुबाई फाटकाशी आल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, मी बोलले होते. तेवढंच म्हणून गेल्या. हरेश माझ्याकडे बघत नाही. मुद्दाम नव्हे, त्याला बघवत नाही.

परत लावता आली असती तर लावली असती गो. देवाला म्हटलं, काय घ्यायचं ते माझं घे, माझं वय झालंय.

तुला दोष देत नाही. मी बोलावलं, मीच पाटावर बसले. कुणाला तरी सांगावं म्हणून लिहिते.

आत्या

पेण
२३ डिसेंबर २०२४

सौ. मृणालीताईंना,

भाविकाचा स. न. वि. वि.

फोनवर बोललेच, तरी सगळं नीट लिहिते, कारण त्या दिवशी मी रडत होते नि तुम्हाला काही कळलं नसेल.

मनस्वीचा ताप शुक्रवारी उतरला. रक्तात काही निघालं नाही, साथीचा ताप. आळीत घरोघरी हेच आहे. पलीकडे मोरूभाऊंची दोन्ही मुलं झोपून होती, समोरची सून, दूधवाला. आणि मुख्य म्हणजे धोंडुबाईंचा नातू. मनस्वीच्याही आधी दोन दिवस तो आजारी पडला, पण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यात ह्यांची नि त्यांच्या मुलाची गाठ पडली, तेव्हा कळलं.

हे घरी आले ते हसतच. आईंना म्हणाले, आई, त्यांच्या घरात कुणी केस कापले गो? आईंना आधी ऐकू आलं नाही. ह्यांनी कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. आईंनी ह्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं नि सोडेनात. मी मनस्वीसाठी पेज करत होते, ती उतू गेली, मी तशीच बघत उभी.

मनस्वीने काल दोनदा वरणभात खाल्ला आणि आजीच्या केसांत क्लिपा लावल्या. आई लावू देतात. आता त्या पाठीवर झोपतात आणि घोरतात. आम्हाला तिघांनाही झोप लागत नाही, पण कुणी तक्रार करत नाही.

आपला जिव्हाळा आहे, तो असाच वाढो.

आपली,
भाविका

रामवाडी, पेण
२ जानेवारी २०२५

चि. सौ. मृणालीस,

आत्याचे तोंडभरून आशीर्वाद. वि. वि.

अठरा तारखेचं पत्र फाडून टाक. ते लिहिणारी मी नव्हे, माझी भीती होती. जखम सुकली. काल अंगणात उन्हाला बसले होते, मानेवर ऊन लागलं. ऐंशी वर्षांत माझ्या मानेला ऊन माहीत नव्हतं, कायम अंबाडा नाहीतर पदर. फार सुख वाटलं बघ.

आळीतल्या म्हाताऱ्या मला मॅडम म्हणून चिडवतात. चिडवू देत. गुरुवारच्या बायका बंद झाल्या. एकदोघी आल्या, मी त्यांना चहा पाजला नि केसांत तेल किती घालावं ते सांगून पाठवलं.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. परवा धोंडुबाई आल्या. नेहमीसारखा नातवाच्या हातून खरवस पाठवला असता तरी मी समेट समजले असते, पण स्वतः आल्या, उंबरा ओलांडला, माझ्यामागे येऊन बसल्या. माझ्या मानेवर बोटं फिरवली नि कानाशी येऊन विचारलं, डोकं हलकं लागतं का गो? मी म्हटलं, लागतं. झोप येते? म्हटलं, येते. मग त्या रडायला लागल्या. धोंडुबाईंना रडताना मी आजवर बघितलं नव्हतं.

त्यांची धाकटी लेक बेबी कोलाडला दिली आहे. बाळंतपणात ती महिनाभर तापाने पडून होती, तेव्हा तिच्या डोक्यात जट झाली. धोंडुबाईंनीच तिला सांगितलं होतं की देवीची हाय, सांभाळ. तीन वर्षं झाली. आता पोर लावणीला वाकू शकत नाही, मान वळत नाही, नवरा बोलेनासा झाला आहे. मृणाली, त्या बाईने आळीला जे सांगितलं ते आधी आपल्या पोटच्या पोरीला सांगितलेलं होतं. मला त्यांचा राग होता, तो तिथेच सांडला.

त्यांनी विचारलं, तुझी भाची येईल का? म्हटलं, रोह्याहून कोलाड किती लांब, येईल. तर मान खाली घालून म्हणाल्या, भाची यायची नाय, ही भीती नाय. मी बोलले म्हणून पोरीनं जट ठेवली. आता मीच बोलेन काप, तर ऐकेल का गो?

मी म्हटलं, बोलायचं तुम्ही. मी समोर डोक्यावरचा पदर काढून बसते.

तर येत्या सोमवारी हरेश आम्हा दोघींना कोलाडला आणून सोडतोय. तू कात्री नि मलम घेऊन ये, पण लगेच बाहेर काढू नको. आधी मायलेकींना बोलू दे.

तिथून मी तुझ्याबरोबर रोह्याला येते, चार दिवस राहीन. माझ्या भावाला सांगून ठेव, ओवाळायचं बाकी आहे. तुझ्यावर होता त्याहून जास्त लोभ आहे.

तुझी,
आत्या